हौद आहे, हौसही आहे, किट थांबवा

पत्र : आमच्या घरामागे २० बाय १५ फुटांची मोकळी जागा आहे. तिथे पूर्वी पाणी साठवायचो तो सिमेंटचा हौद आहे, ४ बाय ३ फूट आणि अडीच फूट खोल. पाणी बोअरचं. आमचे हे दोन दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आले आणि तेव्हापासून ॲक्वापोनिक्सशिवाय बोलत नाहीत : माशांच्या पाण्यावर भाजी, मातीशिवाय. शिबिरवाल्यांचं तयार किट १ लाख २० हजारांना आहे. मासे आणि लेट्यूस ते परत विकत घेतील अशी हमी देतात. हे पतसंस्थेचं कर्ज काढायला निघालेत. मला भाजी लावायची मनापासून आवड आहे, शिकायचीही तयारी आहे. पण आमच्या घरात माळ आहे, मासे कोणी खात नाही. सासूबाई म्हणतात, जीव कोंडून ठेवायचे आणि तेच पाणी तुळशीला घालायचं का? मी सुरुवात कुठून करू? – एक वाचक, बार्शी

ताई,

कर्ज काढू नका. बाकी सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आज रात्रीच्या जेवणाच्या आत यजमानांच्या कानावर घाला.

‘पिकवा तुम्ही, परत घेऊ आम्ही’ हे आपण इमूच्या वेळी ऐकलं, कडकनाथच्या वेळी ऐकलं. त्या वेळी पक्षी वाईट नव्हते आणि आज मासेही वाईट नाहीत. पण जो शिकवतो तोच किट विकतो आणि तोच माल घेण्याचं वचन देतो, तिथे त्याची कमाई किट विकलं गेलं त्या दिवशीच झालेली असते. यजमानांनी शिबिरवाल्यांना एवढंच म्हणावं : तुमचंच किट घेऊन ज्यांनी दोन उन्हाळे काढलेत अशा एका घरी आम्हाला न्या, त्यांचं वीजबिल दाखवा आणि तुम्ही त्यांना दिलेल्या पैशांची पावती दाखवा. दाखवली तर मला जरूर कळवा, मी त्यांच्याबद्दल आनंदाने लिहीन.

आता तुमचं. तुमच्याकडे हौद आहे म्हणजे निम्मं किट घरातच पडून आहे. दोन फूट पाणी भरलं तर त्यात साधारण ६८० लिटर मावतं. घरगुती सुरुवातीला हे उत्तम माप आहे. याहून लहान टाकीत पाणी एका दुपारीत तापतं आणि एका चुकीत बिघडतं. हौद झिरपत असेल तर आतून नवं सिमेंट मारू नका. ताज्या सिमेंटचा चुना कित्येक आठवडे पाण्यात उतरत राहतो. त्यापेक्षा शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद असतो, त्याचा उरलेला तुकडा कुणा शेतकऱ्याकडे मिळेल, तो अंथरा. जुन्या चुन्याचीही काळजी मिटते.

यात होतं काय, ते थोडक्यात. मासे खातात आणि त्यांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. तो माशांनाच विषारी. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात (तेही विषारीच) आणि मग दुसरे जिवाणू नायट्रेट. नायट्रेट माशांना फारसं बाधत नाही आणि झाडांना तेच हवं असतं. शिबिरात गोल बाणांचं जे चित्र दाखवलं असेल ते खरं आहे. त्या चित्रात एकच गोष्ट नसते, वेळ. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्तच. किट सोमवारी येतं, मासे मंगळवारी सोडले जातात आणि पुढच्या सोमवारी ते पोट वर करून तरंगतात, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

पण त्याच्याही आधी, तुमचं बोअर. मला तुमच्या पत्रातल्या ‘पाणी बोअरचं’ या दोन शब्दांचीच जास्त धास्ती वाटली. आपल्या भागातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. गिझरच्या कॉइलवर आणि पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो, तो तुम्ही रोज बघत असाल. अशा पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८ च्या आसपास ठाण मांडून बसतो. ॲक्वापोनिक्सला ७ च्या जरासा खाली असलेला बरा, कारण झाडांना आम्लाकडे झुकलेलं पाणी हवं, जिवाणूंना उलटं, आणि ७ हा दोघांमधला समझोता आहे. ८ वर दोन अडचणी होतात. एक, लोह झाडांना मिळेनासं होतं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. दुसरी जास्त गंभीर आहे. अमोनियाचा जो भाग खरा विषारी असतो, तो सामू ७ वरून ८ वर गेला की जवळपास दहापट होतो. म्हणजे कोकणातल्या कुणाच्या टाकीत जेवढा अमोनिया मासे सहज पचवतील, तेवढाच तुमच्या हौदात त्यांना मारू शकतो. व्हिडिओ कुठल्या पाण्यावर केलाय हे कुणी सांगत नाही.

म्हणून पहिला खर्च पाणी तपासण्याचा. कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी परीक्षण करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत एक लिटर नमुना द्या आणि सामू, क्षारता (अल्कलिनिटी), एकूण क्षार (टीडीएस) आणि क्लोराइड एवढं विचारून घ्या. रिपोर्ट आला की अर्धे प्रश्न आपोआप सुटतील.

सामू खाली आणायला कुणी लिंबू पिळायला सांगेल, कुणी व्हिनेगर. नका करू. जड पाण्यातले बायकार्बोनेट ते आम्ल गिळून टाकतात, एक-दोन दिवसांत सामू परत वर येतो आणि या झोक्यांनी मासे खंगतात. सरळ उपाय पावसाचा. २०० चौरस फूट पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १८० लिटरच्या आसपास पाणी हाती येतं. पहिल्या एक-दोन सरींनी पत्रा धुऊ द्या, मग साठवा. निम्मं बोअरचं आणि निम्मं पावसाचं घेतलंत तरी फरक पडेल. शिवाय जिवाणू अमोनिया पचवताना क्षारता थोडी थोडी खातात, त्यामुळे चालू हौदाचा सामू काही महिन्यांत स्वतःहूनच उतरू लागतो. मात्र मे महिन्यात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि आपण वरून पुन्हा बोअरचं जड पाणी ओततो. म्हणून उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन-चार बादल्या हौदातून काढून कढीपत्त्याला नाहीतर नारळाला घाला आणि मगच नवं पाणी भरा.

भाजीच्या वाफ्यासाठी २०० लिटरचा एक प्लॅस्टिकचा ड्रम आडवा ठेवून लांबीने मधोमध कापा. दोन परळं होतील, प्रत्येकी साधारण अर्धा चौरस मीटर, मध्यावर फूटभर खोल. ड्रममध्ये आधी काय होतं हे विचारल्याशिवाय घेऊ नका. खाद्यतेल, सॉस, काकवी चालेल. औषधाचा, रंगाचा किंवा रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी नको. त्यात १२ ते २० मिलिमीटरची खडी भरा, क्रशरवरची, कच पूर्ण जाईपर्यंत धुतलेली. आपला काळा दगड सहसा चालतो, पण त्याच्या पोकळ्यांत चुनखडीचे पांढरे स्फटिक असू शकतात. मूठभर खडीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर ती खडी नको, ती सामू खाली येऊच देणार नाही. भरलेलं एक परळ पाण्यासकट २०० किलोच्या घरात जातं, तेव्हा खाली विटांचे भक्कम खांब हवेत. गच्चीचा विचार सध्या मनातही आणू नका.

पाणी वर चढवायला पंप आणि परत यायला उतार, बस. बेल सायफन नावाची एक गंमत आहे. त्यातून वाफा आपोआप भरतो आणि रिकामा होतो. व्हिडिओत सगळे त्याचाच गळ्क गळ्क आवाज ऐकवतात. नवख्या माणसाचे चार रविवार त्याची नळी कापण्यात जातात. पहिल्या वर्षी तुम्ही साधा मेकॅनिकल टायमर लावा : पंप १५ मिनिटं चालू, ४५ मिनिटं बंद. वाफ्यात एक उभा पाइप ठेवा, त्याची उंची खडीच्या पृष्ठभागापेक्षा दोन इंच कमी. पाइपच्या तळाशी बारीक भोक पाडा, म्हणजे पंप बंद झाला की पाणी हळूहळू हौदात उतरेल आणि मुळांना हवा मिळेल. वरची दोन इंच खडी कोरडी राहिली की शेवाळही धरत नाही आणि चिलटंही होत नाहीत.

कूलरचा पंप काही काळ चालतो, पण तो चोवीस तासांसाठी बनवलेला नसतो. पंप घेताना ‘तासाला इतके लिटर’ या आकड्याला भुलू नका. तो आकडा जमिनीलगतचा असतो, चार फूट वर चढवताना पाणी निम्म्यावर येऊ शकतं. त्या उंचीला तासाला ६०० ते ७०० लिटर देईल असा विचारून घ्या. पाण्यातली वीज म्हणजे थट्टा नव्हे, त्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय हौदात हात घालायचा नाही. घरात लहान मूल असेल, किंवा शेजारचं येत-जात असेल, तर हौदावर कुलपाची लोखंडी जाळी हवीच.

आणि लाइट जाते. भाजी एक दिवस कळ काढते, मासे काढत नाहीत. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं की मुळातच त्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात पंप बंद पडला तर गच्च भरलेल्या टाकीतले मासे काही तासांत वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. बॅटरीवर आपोआप चालू होणारा छोटा एअर पंप मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. मासे घेण्याआधी तो घ्या. माझ्या मते या सगळ्या यादीतली ही एकच वस्तू अशी आहे जिच्यात काटकसर करू नये. हौदावर आणि वाफ्यांवर ५० टक्क्यांचं शेडनेटही मे महिन्यासाठी लागेल.

आता मासे न सोडता जिवाणू कसे बसवायचे? अमोनिया तर हवा. त्यासाठी तुमच्या गावात खताच्या दुकानात मिळणारी वस्तू म्हणजे युरिया. ६८० लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाही भरणार नाही इतका. इथे एक फसगत होते. युरियाचं अमोनियात रूपांतर व्हायला काही दिवस जातात आणि तपासणीच्या किटला युरिया दिसत नाही, फक्त अमोनिया दिसतो. माणूस दोन दिवसांनी तपासतो, शून्य बघून आणखी चमचाभर टाकतो, आणि आठवड्याने हौद मुतारीसारखा वास मारतो. टाकलात की आठवडाभर वाट पाहा. कुणाकडे जुनं मत्स्यालय असेल तर त्याच्या फिल्टरचा मळका स्पंज मागून आणा आणि तुमच्या खडीत पिळा. एवढ्याने दोन-तीन आठवडे वाचू शकतात.

मत्स्यालयाच्या दुकानातलं थेंबांचं टेस्ट किट घ्या, पट्ट्यांचं नको. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, मग दोन्ही खाली येऊन नायट्रेट दिसू लागेल. वहीत तारखा घालून लिहीत जा. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर यायला लागला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की हौद तयार. पालकाची आणि पुदिन्याची रोपं मात्र मधल्या काळातच लावून टाका, त्यांना कुणाची वाट बघायची नसते.

सासूबाईंच्या प्रश्नाला मी टाळणार नाही. मासे खाण्यासाठीच पाळावे लागतात असं मुळीच नाही. झाडांना माशांची विष्ठा हवी, त्यांचा मृत्यू नको. गोल्डफिश वर्षानुवर्षं जगतात, जड पाणीही बऱ्यापैकी सोसतात. तरी पहिल्या वर्षात काही मासे दगावतीलच, हे त्यांना आधीच सांगा. नंतर कळलं तर तुमच्यावरचा विश्वास जाईल. तुळशीला ते पाणी चालतं की नाही हे ठरवायचा अधिकार त्यांचा. माझं ऐकाल तर वृंदावन या सगळ्यातून बाहेरच ठेवा, वादच नको.

मासे कोणते? ज्यांना खायचे आहेत तेही तिलापियाची पिल्लं कुठूनतरी आणतात. त्याच्या पालनाला परवानगी लागते. थाई मागूर म्हणून जो विकतात त्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे. रोहू-कटल्याला तुमचा हौद म्हणजे खुराडं. तुम्हाला यातलं काहीच नको. आधी गप्पी आणा. डासांच्या अळ्या खातात म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते पाळलेले असतात, मागितले तर बहुधा मिळतात, आणि जड पाणी त्यांना उलट मानवतं. पंधरा दिवस ते टिकले की दोन-तीन इंचांचे साधे गोल्डफिश आणा, आधी आठ-दहा, महिन्याने तितकेच आणखी. फुगीर डोळ्यांचे, पिसाऱ्याच्या शेपटीचे महागडे प्रकार नकोत, ते नाजूक असतात. गोल्डफिश गप्पीच्या पिल्लांना खातील, ते सासूबाईंना दिसणारच आहे. आणि जास्त झालेले मासे कधीही विहिरीत-नदीत सोडायचे नाहीत, एकादशीलासुद्धा नाही. परके मासे तिथल्या माशांचं अन्न पळवतात.

किती भाजी निघेल, याचा हिशोब माशांच्या संख्येवर नाही, रोजच्या खाद्यावर होतो. एक चौरस मीटर पालेभाजीला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य, हा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. तुमचे वीस गोल्डफिश वाढून सरासरी ७५ ग्रॅमचे झाले तर एकूण दीड किलो. ते रोज २० ग्रॅमच्या आसपास खातील. म्हणजे अर्धा चौरस मीटर, म्हणजे एकच परळ नीट पोसलं जाईल. त्यातून फार तर आठवड्याला पालकाची एक जुडी. दुसऱ्या परळात कमी खाणारी, सुवासिक पानं लावा. या हिशोबात १ लाख २० हजारांचं कर्ज कुठे बसवायचं ते यजमानांनीच सांगावं. नुसती भाजीच हवी असेल तर त्या जागेत शेणखत घालून चार वाफे करणं स्वस्तही आहे आणि सोपंही. हे करायचं ते पाण्याकडे रोज बघत बसायची आवड असेल तरच. तुमच्या पत्रावरून ती आहे असं वाटतं, म्हणून एवढं लिहितोय.

पालक, आंबट चुका, लेट्यूस, हिवाळ्यात कोथिंबीर छान येते. अळू तर अशा ओल्यात खूश असतो. पुदिना परळात मोकळा सोडू नका, त्याची मुळं उभ्या पाइपात शिरून वाट बंद करतात. जाळीच्या कुंडीत घालून खडीत बसवा. टोमॅटो-मिरचीला सहा महिने तरी थांबा. पानं पिवळी पडली तर कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलंच राहणारं लोह, मिळतं. पण ते सहसा ईडीटीएचं देतात आणि ते तुमच्या सामूला टिकत नाही. डीटीपीए मागा, ११ टक्क्यांचं असेल तर ६८० लिटरला १२ ग्रॅमच्या आसपास, तीन-चार आठवड्यांतून एकदा.

काय घालायचं नाही, ते मात्र पाठ करा. तुम्ही भाजीवाल्या म्हणजे जीवामृत, गोमूत्र, शेणाची स्लरी हाताशी असणार. मातीत ती कितीही गुणाची असोत, या पाण्यात नकोत. गोमूत्रातला युरिया अमोनिया होऊन माशांवर उठतो, आणि शेणातले जंतू त्याच पाण्यातून कच्च्या खायच्या पानांवर येतात. बुरशीवरचं बोर्डो मिश्रण तर नाहीच, त्यातलं तांबं माशांना घातक असतं. माव्यावर साध्या पाण्याचा जोरदार फवारा आणि पिवळे चिकट सापळे, एवढ्यावर भागवा. शेजारच्या शेतात फवारणी असेल त्या दिवशी हौद झाका. खाद्य पाच मिनिटांत संपेल एवढंच, आणि घरात एकानेच घालायचं. नाहीतर येणारा प्रत्येक पाहुणा मूठभर चुरमुरे टाकतो आणि आपल्याला कौतुकाने सांगतो.

वेळापत्रक असं ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाणी तपासा, हौद धुवा, ड्रम कापा, नळजोडणी करून नुसतं पाणी फिरवून गळती बघा. मृगाचा पाऊस लागला की पत्र्याचं पाणी भरा आणि युरियाचे पहिले ३ ग्रॅम तेव्हाच. पोळ्याच्या सुमारास गप्पी, गणपती उठल्यावर गोल्डफिश. दिवाळीपर्यंत पालक खुडायला येईल आणि हौदाला पहिला उन्हाळा भेटेपर्यंत त्याला आठ महिने झालेले असतील. पाण्याच्या रिपोर्टात क्षारता लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर निघाली, तर ड्रम घेण्याआधी मला पुन्हा लिहा. मग पावसाचं पाणी साठवायला मोठी टाकी आधी लागेल आणि बाकीचं सगळं वर्षभर पुढे जाईल.